हिमरू शालीचं (सूत-रेशमाच्या नक्षीदार विणीची शाल) नवीन डिझाइन काढायच्या आधी गिऱ्हाइकाला काय विचारावं?

"आवडलं का" हे विचारूच नका, मागची शाल शेवटी कधी अन् कुठं घेतली होती ते विचारा, जमलं तर घरी जाऊन ती कपाटातून काढायला लावा. मी संभाजीनगरला शालीच्या काउंटरवर बसतो, तोंडदेखलं "छानय हो" म्हणून रिकाम्या हातानं जाणारे रोज बघतो. शाल हातात आली की खरं कळतं, हिमरूच्या मागच्या बाजूला जादा धागे सुटे राहतात ना, ते बांगडीत अडकून कुठं ओढले गेलेत ते दिसतं, मग बुट्टी बारीक करायची का अस्तर लावायचं ते तिथंच ठरतं. फक्त दहा घरं फिरून रंग फायनल करू नका, लग्नसराईचं गिऱ्हाईक अन् वेरूळ बघायला आलेला टुरिस्ट, दोघांची आवड पार वेगळी, वेगळंच लिहून ठेवा.