बायपासच्या वेळी सोनोग्राफी केल्यानं मेंदूला जाणारी गुठळी अडते का?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या बायपासमध्ये महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, सोनोग्राफी करणार आहेत, त्यानं मेंदूला जाणारी गुठळी कशी अडणार? मी छत्रपती संभाजीनगरला हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय आणि फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र, चालवतो, म्हणून सांगतो.

सोनोग्राफी गुठळी अडवत नाही. धमनीला कुठं हात लावायचा नाही, ते ती दाखवते.

आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं पाईपमध्ये क्षार कसा धरतो, बघितलंच असेल. पाईपला धक्का लागला की खपली सुटते आणि ड्रिपच्या छिद्रात जाऊन बसते. महाधमनीतही वयानं, शुगरनं, तंबाखूनं चरबी आणि कॅल्शियमचा थर धरतो. मशीनला जोडताना तिच्यातच नळी घालतात, क्लॅम्प म्हणजे चिमटा लावतात. नेमका तिथंच थर असला तर कण सुटतात, आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्या तिथून जरा पुढंच निघतात.

सर्जन धमनी बोटानं चाचपतात. कडक थर लागतो, मऊ कळत नाही, आणि मऊ सहज सुटतो. अन्ननलिकेतून केलेल्या सोनोग्राफीतही धमनीचा हा वरचा भाग नीट दिसत नाही, कारण मध्ये हवेनं भरलेली श्वासनलिका येते. म्हणून छाती उघडल्यावर निर्जंतुक पिशवी चढवलेला प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा दांडा, सरळ धमनीवर टेकवतात, भोवती थोडं सलाईन ओततात. काही मिनिटांचं काम आहे.

मागं सत्तरीतले एक आजोबा होते. सरांच्या बोटाला धमनी मऊसूत लागली. स्क्रीनवर मात्र आतल्या भिंतीला लोंबणारा तुकडा दर ठोक्याला हलत होता. सरांनी क्लॅम्प परत ट्रेमध्ये ठेवला. धडधडत्या हृदयावरच, छातीच्या आतल्या धमन्या वापरून बायपास केलं, महाधमनीला धक्काच लावला नाही. माझं मशीन भरून तयार होतं, सुरूच केलं नाही. शुद्धीवर आल्यावर आजोबांनी दोन्ही हातांच्या मुठी वळून दाखवल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

ध्वनिलहरींच्या दाबानं कण मेंदूच्या वाटेवरून बाजूला ढकलायचे प्रयोगही झालेत, पण रोजच्या ऑपरेशनमध्ये ते वापरत नाहीत.

सर्जनना एवढं जरूर विचारा: "थर दिसला तर पुढं काय करणार?" आणि वडिलांचं पूर्वी कधी तोंड वाकडं झालं असेल, हात लुळा पडला असेल, क्षणभर वाचा गेली असेल, तर आजच सांगा. लगेच बरं झालं म्हणून सोडून देऊ नका. मानेच्या धमन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, ऑपरेशनच्या आधीच करून घेता येतो.