तणनाशकातलं आर्सेनिक जातं कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जागेवर पूर्वी फळबाग होती. फवारण्या बंद होऊन निम्मं शतक उलटलं. आता जमिनीतलं आर्सेनिक निघून गेलं असेल ना?

नाही. आजची बरीचशी कीटकनाशकं मोठ्या रेणूंची असतात. ऊन, पाणी आणि जिवाणू त्यांची मोडतोड करतात. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे, त्यात मोडण्यासारखं काही नाही. लेड आर्सेनेट हे शिसं आणि आर्सेनिक असलेलं कीटकनाशक १८९२ पासून अमेरिकेत जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळ्यांवर वापरात आलं आणि पुढे डीडीटी येईपर्यंत सफरचंदाच्या बागांत हंगामातून अनेकदा फवारलं गेलं. त्यातलं शिसं आणि आर्सेनिक अशा बागांच्या वरच्या थरात आजही सापडतं, कारण मातीतली लोहाची ऑक्साइडं आर्सेनिकला धरून ठेवतात.

माती तपासून घ्या, पण एकाच ठिकाणची नको. औषध कुठे कालवायचे, पंप कुठे धुवायचे, हे जुन्या माणसांना विचारा आणि तिथला नमुना आधी घ्या. लहान मुलं तिथे खेळत असतील तर अहवाल येईपर्यंत त्यांना दूर ठेवा. मातीचे हात तोंडात जातात, आणि शरीरात आर्सेनिक जाण्याची ती फार मोठी वाट आहे.

प्रश्न : एमएसएमए तणनाशकातलं आर्सेनिक सेंद्रिय असतं, म्हणून ते निर्धोक आहे, असं विक्रेता सांगतो. खरं का?

अर्धंच खरं. आर्सेनिकला कार्बनचा मिथिल गट जोडला की त्याला सेंद्रिय म्हणतात, आणि तत्काळ विषबाधेचा धोका कमी होतो. पण मातीतले सूक्ष्मजीव तो गट हळूहळू काढून टाकतात आणि मागे उरतं असेंद्रिय आर्सेनिक, जे कर्करोगाला कारण ठरतं. हे लक्षात घेऊन अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००९ मध्ये उत्पादकांशी करार केला आणि अशी जवळपास सगळी तणनाशकं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. त्या करारात कापसावरच्या एमएसएमएला तेवढी सूट मिळाली. ही सवलत मला पटत नाही.

कारण कापसानंतर त्याच रानात भात घेतला तर काय होतं, हे शेतकऱ्यांनी पाहिलं आहे. लोंब्यांत दाणा भरत नाही, वजन नसल्यामुळे त्या वाकत नाहीत, ताठ उभ्या राहतात. भाताच्या नव्या वाणांची या रोगापुढची सहनशक्ती जोखायला पैदासकार मुद्दाम मातीत एमएसएमए मिसळतात. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? शेतात पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांनी धरलेलं आर्सेनिक आर्सेनाइट या विरघळणाऱ्या रूपात सुटतं. भाताची मुळं सिलिका ज्या मार्गाने घेतात, त्याच मार्गाने आर्सेनाइटही आत शिरतं. कोरड्या जमिनीत गप्प बसलेलं आर्सेनिक असं पाण्याबरोबर जागं होतं. म्हणून अशा जमिनीत भात घ्यायचाच असेल तर सतत पाणी तुंबवू नका, मधूनमधून रान सुकू द्या. दाण्यातलं प्रमाण त्याने घटतं.

प्रश्न : स्फुरदयुक्त खतामुळे मातीतलं शिसं निष्क्रिय होतं, असं वाचलं. जुन्या बागेत ते टाकू का?

फक्त शिसं असतं तर विचार केला असता. लेड आर्सेनेटच्या जमिनीत दोन्ही असतात, आणि इथे गोची होते. स्फुरदाच्या खतातलं फॉस्फेट आणि मातीतल्या आर्सेनिकचं आर्सेनेट हे रूप, दोघांची रासायनिक घडण सारखी. जास्तीचं फॉस्फेट मातीच्या कणांवरची जागा बळकावतं आणि आर्सेनेट सुटून पाण्यात उतरतं. शिसं बांधायला जाल आणि आर्सेनिक मोकळं कराल. अहवालात दोन्हींचे आकडे पाहिल्याशिवाय पोतं फोडू नका.

प्रश्न : जुन्या हिरवट लाकडी फळ्या सरपणाला चालतील का?

मुळीच नाही. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण दाबाने पाजलेलं असू शकतं. जाळल्यावर काही आर्सेनिक धुरात जातं, उरलेलं राखेत साठतं. ती राख झाडांना तर अजिबात घालू नये.

प्रश्न : विहिरीचं पाणी उकळून प्यायलं तर?

वाफ उडते, आर्सेनिक भांड्यातच राहतं. प्रमाण उलट वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आणि ते रंगावरून किंवा चवीवरून कळत नाही. प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या.

प्रश्न : फर्न लावून जमीन साफ करता येते म्हणतात?

टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं मातीतलं आर्सेनिक खेचून पानांत साठवतं, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. गोष्ट खरी आहे, पण वेग मंद आहे. अनेक हंगाम कापण्या कराव्या लागतात. शिवाय कापलेल्या पानांचं करायचं काय? कॅनडातल्या यलोनाइफजवळच्या जायंट माइन या सोन्याच्या खाणीत धातुक भाजून निघालेला २,३७,००० टन सोमल (आर्सेनिकचं विषारी ऑक्साइड) आजही जमिनीखालच्या कोठड्यांत आहे. तो नाहीसा करता येत नाही, म्हणून भोवतालचा खडक गोठवून जागच्या जागी ठेवण्याचा मार्ग निवडला गेला. तुमचा पानांचा ढीग लहान असला तरी अडचण तीच. तो कंपोस्टमध्ये टाकू नका, जनावरांना घालू नका, जाळू नका. घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्या. ती सोय आधी नक्की करा आणि मगच रोपं आणा.