चूक त्याची, मग क्लेम माझ्या विम्यातून का?

तुम्ही लिहिलंय की परवा आसरा चौकात लाल दिव्याला उभे असताना मागून कार येऊन आदळली, बंपर चिरला, एक टेललाइट फुटला. समोरचा म्हणतोय दोन हजार घ्या आणि मिटवून टाका. चूक त्याची असताना तुम्ही स्वतःच्या विम्यातून का भरायचं, हा तुमचा प्रश्न.

आधी एक सांगतो: दोन हजार घेऊ नका. निदान बंपर उतरवून बघेपर्यंत तरी नाही.

मला सात रस्त्याजवळ असंच मागून ठोकलं होतं. आई मागच्या सीटवर, मांडीवर शेंगाचटणीची पिशवी. उतरून बघितलं तर बंपरला वीतभर चीर आणि रस्त्यावर टेललाइटचा लाल चुरा, एवढंच. पोरगा घाबरला होता, तीन हजार देतो म्हणाला, आणि मी घेणारच होतो. पण डिकी लागेना. दाबली की पुन्हा बोटभर वर यायची. गॅरेजमध्ये मिस्त्रीने बंपर काढला तेव्हा आतली लोखंडी पट्टी मधोमध वाकलेली निघाली, दोन्ही ब्रॅकेट तुटलेले. "साहेब, वरून काय कळतंय? काढल्याबिगर सांगता येत नाही," तो म्हणाला. एस्टिमेट झालं १२,००० रुपये.

आता चूक कोणाची ते बघू. पुढच्या गाडीपासून थांबता येईल इतकं अंतर ठेवणं हे मागच्याचं काम, २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमांतही ते आहे. तुम्ही सिग्नलला उभेच होतात, म्हणजे वाद नाही. (तुम्ही रिव्हर्स घेत असता किंवा ब्रेकलाइट बंद असते तर गोष्ट वेगळी.)

पण चूक कोणाची हे ठरलं म्हणून पैसे आपोआप त्याच्या विमा कंपनीकडून येत नाहीत, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे त्याला थर्ड पार्टी विमा (त्याच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) काढावाच लागतो, आणि खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साधारण साडेसात लाखांपर्यंत धरलेलं असतं. मात्र तो पैसा मिळवायचा तर पोलिसांत नोंद आणि मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. बंपरसाठी कोण एवढ्या खेपा घालणार? म्हणून व्यवहारात दोनच वाटा उरतात: त्याचा खिसा, नाहीतर तुमची पॉलिसी. तुमची पॉलिसीही फक्त थर्ड पार्टी असेल तर दुसरी वाट बंद.

तुमच्या पॉलिसीची वाट कशी पडते ते माझ्या आकड्यांवरून बघा, जीएसटी बाजूला ठेवून. माझी गाडी पाचव्या वर्षात, झिरो डेप (भाग जुने म्हणून पैसे न कापण्याची जादा सोय) नव्हता. प्लास्टिकचे भाग ६,००० चे, त्यावर ५० टक्के घसारा, गेले ३,०००. लोखंडी पट्टी २,००० ची, त्या वयाला ३५ टक्के, गेले ७००. रंगाच्या मालावरच्या घसाऱ्याचे ३००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायचा वाटा, १,०००. म्हणजे १२,००० पैकी हातात ७,०००. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. मी ४५ टक्क्यांवर होतो, पुढच्या वर्षी ५० झाले असते. क्लेमनंतर पाच वर्षं शून्य, २०, २५, ३५, ४५ अशी पुन्हा चढण. ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ हप्ता ६,००० धरला तर तेवढ्यात ७,५०० ची सूट जाते. गाडी जुनी होते तसा हप्ताही उतरतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल, तरी क्लेमचा फायदा जवळजवळ उरतच नाही. झिरो डेप असता तर मात्र ११,००० च्या आसपास मिळाले असते आणि मी डोळे झाकून क्लेम केला असता. तुमची पॉलिसी काढा, बोनसचा टक्का आणि झिरो डेप एवढंच बघा, दहा मिनिटांत कळेल.

मग करायचं काय? आज विमा कंपनीला कळवून ठेवा, उशीर हे क्लेम अडवायला आयतं कारण होतं. क्लेम नंतर मागे घेता येतो. कंपनीचा माणूस येऊन नुकसान बघेपर्यंत, म्हणजे सर्व्हे होईपर्यंत, गाडी दुरुस्त करू नका. त्याच्या गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकून विमा चालू आहे का बघा. मग लेखी एस्टिमेट घेऊन त्यालाच गॅरेजवर बोलवा. माझ्या वेळी त्या पोराचे वडील आले, वाकलेली पट्टी स्वतः हातात घेऊन बघितली आणि तिथल्या तिथे गॅरेजला पैसे पाठवले. फोनवर तेच तीन हजारांच्या वर सरकत नव्हते.

"माझी काही तक्रार नाही" असं मात्र पैसे येण्याआधी लिहून देऊ नका. तुम्हाला दिलेले पैसे त्याच्याकडून वसूल करायचा हक्क विमा कंपनीला असतो. तो तुम्हीच सोडून दिलात तर उद्या क्लेम अडकतो.

गाडीत तुमच्याबरोबर कोण होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या आईला त्या दिवशी काहीच वाटलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मान वळवता येईना. कोणी असेल तर आजच विचारा. दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात नोंद, आणि तोवर त्याच्याशी पैशांचं काहीच बोलू नका.