भाच्याला काय सांगू?

प्रश्न : माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. हॉस्टेलच्या खोलीत गिटारवर त्याने ‘शुक्रतारा मंद वारा’ गायलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. आमच्या दादांनी लगेच लिहिलं, ‘अरुण दात्यांची सर नाही.’ मग सगळे गप्प. मी नुसता अंगठा पाठवला. खरं तर दुसरं कडवं ऐकताना कणीक मळायची थांबले होते. गाण्यातलं मला काही कळत नाही. त्याला काय सांगू? रेकॉर्डिंग सोबत पाठवते आहे.
– एक मावशी, नाशिक

उत्तर : दादांचं म्हणणं खरं आहे, पण त्याचा उपयोग शून्य. दात्यांची सर कुणालाच नाही, आणि तुमच्या भाच्याने ती मागितलीही नव्हती. १९६२ साली मुंबई आकाशवाणीसाठी हे गाणं झालं तेव्हा गाणारे दाते इंदूरकडचे, त्यांच्यासोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा तर मराठीही नव्हत्या. कवी मंगेश पाडगांवकरांचे शब्द आणि संगीतकार श्रीनिवास खळ्यांची चाल या दोघा गायकांनी बाहेरून येऊनच आपलीशी केली. पुढे स्वतः दातेच कितीतरी वर्षं वेगवेगळ्या गायिकांबरोबर हे गात राहिले.

रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. हे युगुलगीत आहे. तो म्हणतो ‘तू अशी जवळी रहा’, पुढच्या कडव्यात ती म्हणते ‘तू असा जवळी रहा’. एकटा गाणारा इथे अडकतो. कुणी तिचं कडवं सरळ गाळतं, कुणी ‘असा’चं ‘अशी’ करून मोकळं होतं. (माझ्या गाण्याच्या क्लासमधली मुलं दुसरा मार्ग धरतात आणि मी कपाळाला हात लावते.) भाच्याने तिचे शब्द तसेच ठेवले, आवाज निम्म्यावर आणला आणि गिटार चक्क थांबवली. त्यामुळे ती समोर नाही, तिचं बोलणं त्याला आठवतंय, असं वाटतं. मूळ गाण्यात हे नाही, तिथे दोघंही हजर आहेत. तुम्ही कणीक मळायची थांबलात ती याच जागी. म्हणजे गाण्यातलं तुम्हाला कळतं, फक्त त्याची नावं ठाऊक नाहीत.

तेव्हा ‘छान’ लिहू नका. ‘छान’ आपण वाढदिवसाच्या केकलाही म्हणतो. ‘तिच्या कडव्याला गिटार थांबवलीस, तिथे माझा हात थांबला,’ एवढंच सांगा. गाणाऱ्याला नेमकी जागा कळली की तो तिच्यावर पुढे काम करतो. हे ग्रुपवर नको, फोनवर बोला. दादांशी वाद घालू नका. त्यांच्या कानात दाते बसलेत, बसू देत.

आता कमी काय आहे तेही सांगते, कारण नुसत्या कौतुकावर हुशार पोरं विश्वास ठेवत नाहीत. गिटार नसताना त्याचा सूर हळूहळू उतरलाय. ती परत वाजते तेव्हा फरक ऐकू येतो. खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या, गायला बसलं की घाम फोडतात. तेवढं कडवं त्याने मोबाइलवरचा तंबोरा लावून रोज म्हणावं. आणि पट्टी अर्ध्या स्वराने खाली घ्यावी, वरच्या ओळींना त्याचा गळा ताणला जातोय.