परदेशात गाडी चालवताय? आधी समोरच्याच्या नुकसानीचा विमा बघा

मोटार विम्याचे क्लेम तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. आपल्याकडे गाडीच्या विम्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न बंपरचा असतो. घासला तर पैसे मिळतील का, झीरो डेप (म्हणजे घसारा न कापता भरपाई) आहे का, कॅशलेस होईल का. परदेशात गाडी चालवण्याबद्दल आलेल्या पत्रांतही बहुतेकांनी हेच विचारलंय. मला मात्र दुसरीच काळजी वाटते. ती पहिल्याच उत्तरात मांडतो.

प्रश्न : मुलगा कॅलिफोर्नियात, सॅन होजेला असतो. आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी जातोय. दिवसभर घरी एक गाडी मोकळी असते आणि यांना चालवायची हौस आहे. मुलगा म्हणतो, "गाडीचा विमा आहे, बाबा बिनधास्त चालवा." इथून प्रवास विमाही काढतोय. एवढं पुरे का? (एक वाचक, कोथरूड)

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत विमा साधारणपणे गाडीबरोबर जातो. मालकाच्या परवानगीने कुणी चार दिवस गाडी चालवली तर ती पॉलिसी लागू पडते. पण तुम्ही तीन महिने त्याच घरात राहणार आणि गाडी रोज काढणार. अशा माणसाचं नाव चालक म्हणून पॉलिसीत असावं, अशी विमा कंपनीची अपेक्षा असते. मुलाला तिकिटं काढतानाच कंपनीला ईमेल करायला सांगा : वडील अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत येताहेत, भारतीय लायसन्सवर गाडी चालवतील, नाव घालायचं का, हप्ता किती वाढेल? उत्तर लेखी घ्या, फोनवरचं "नो प्रॉब्लेम" धरून चालू नका. काही पॉलिसींत नाव नसलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला तर भरपाईची मर्यादा थेट कायद्यातल्या किमान रकमेवर येते.

आता माझी काळजी. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याप्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि समोरच्या माणसाच्या मृत्यूची किंवा जखमांची भरपाई त्यात रकमेच्या मर्यादेशिवाय आहे. मर्यादा असते ती समोरच्याच्या मालमत्तेला, खासगी गाडीसाठी साडेसात लाख. त्यामुळे "थर्ड पार्टी किती रकमेचा?" हा प्रश्नच आपल्याला कधी पडत नाही. अमेरिकेत तोच सर्वांत मोठा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान मर्यादा वाढल्या, तरी त्या एका जखमी माणसासाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० डॉलर एवढ्याच आहेत. त्याआधी हे आकडे १५,०००, ३०,००० आणि ५,००० होते. तिथे रुग्णवाहिका, स्कॅन आणि दोन-तीन दिवसांचं हॉस्पिटल यांतच ३०,००० डॉलर उडू शकतात. वरची रक्कम गाडी चालवणाऱ्याकडे मागतात, आणि मालक म्हणून मुलालाही त्यात ओढतात.

तेव्हा मुलाच्या पॉलिसीचं पहिलं पान मागवा. त्यावर हजार डॉलरमधले दोन किंवा तीन आकडे तिरप्या रेघांनी तोडलेले असतील. ३०/६०/१५ दिसलं तर यांनी किल्लीला हात लावण्याआधी ते वाढवून घ्या. १००/३००/१०० ही नेहमी घेतली जाणारी पुढची पायरी, आणि घरदार असलेल्या माणसाने त्यावर छत्रीसारखी अंब्रेला पॉलिसीही घ्यावी, म्हणजे गाडीच्या पॉलिसीची मर्यादा संपली की पुढची रक्कम ती देते.

प्रवास विम्याचं म्हणाल तर त्यातल्या "पर्सनल लायबिलिटी" या ओळीवर बरेच जण विसंबतात. तिच्याखालची अपवादांची यादी वाचा. मोटार वाहन चालवण्यातून आलेली जबाबदारी तिथे जवळपास नेहमीच वगळलेली असते. प्रवास विमा तुमच्या स्वतःच्या उपचारांसाठी हवाच, पण तो समोरच्याला एक डॉलरही देणार नाही.

प्रश्न : मुलीच्या पदवीदानासाठी अमेरिकेत जातोय, दहा दिवस भाड्याची गाडी घेणार आहोत. बुकिंगच्या संकेतस्थळावर "फुल प्रोटेक्शन" घेतलंय. काउंटरवर पुन्हा विमा गळ्यात मारतात असं ऐकलं. नाही म्हणायचं ना? (एक वाचक, ठाणे)

सरसकट नाही म्हणू नका. काउंटरवर दोन वेगळ्या गोष्टी विकतात आणि थकल्या डोळ्यांना त्या एकच वाटतात.

पहिली, सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू. भाड्याच्या गाडीचं नुकसान झालं किंवा ती चोरीला गेली तर तुमच्याकडून वसूल करणार नाही, असं कंपनीने दिलेलं वचन म्हणजे हे. दुसरी, एसएलआय, म्हणजे समोरच्या माणसांच्या नुकसानीची वाढीव भरपाई. कंपनीप्रमाणे ३ लाख किंवा १० लाख डॉलरपर्यंत. संकेतस्थळावरचं "फुल प्रोटेक्शन" बहुतेक वेळा फक्त पहिल्यातलं असतं, तेही परतफेडीच्या स्वरूपात : आधी तुमच्या कार्डावरून पैसे जाणार, मग तुम्ही कागद पाठवून मागणार. एसएलआय त्यात क्वचितच असतो. अमेरिकेत २००५ पासून केंद्रीय कायदा असा आहे की ग्राहकाच्या चुकीसाठी भाड्याची गाडी देणाऱ्या कंपनीला केवळ मालक म्हणून जबाबदार धरता येत नाही. म्हणजे अपघात झाल्यावर तुमच्या पाठीशी तुमचा विमाच.

बुकिंगच्या कागदावर "लायबिलिटी" शोधा. रक्कम छापलेली नसेल, किंवा "राज्याच्या किमान मर्यादेप्रमाणे" असं असेल, तर काउंटरवर एसएलआय घ्या. दहा दिवसांचे पैसे जड वाटतील, तरीही घ्या. पुष्कळदा भारतातूनच बुकिंग करताना दोन्ही धरलेला दर मिळतो आणि तो काउंटरपेक्षा स्वस्त पडतो. क्रेडिट कार्डावर विमा फुकट आहे असं कुणी सांगितलं तर बँकेकडून अटी मागवा. अमेरिकी कार्डांची ही सोय आपल्या कार्डांवर असेलच असं नाही, आणि असली तरी ती गाडीच्या नुकसानीपुरती असते.

आणि गाडी ताब्यात घेताना तिचा व्हिडिओ काढा. एकदा मी रात्री उशिरा, उघड्या पार्किंगमध्ये, पावसात गाडी घेतली. मोबाइलच्या उजेडात चारी बाजूंचे फोटो काढले, खूश झालो. परत देताना डाव्या मागच्या अलॉयच्या कडेला नखाएवढा ओरखडा निघाला. माझे फोटो उघडून पाहिले तर प्रत्येक फोटोत चाकावर पाण्याचे थेंब चमकत होते, ओरखडा जुना की नवा हे देवालाही कळलं नसतं. पैसे भरले. क्लेममध्ये हयात घालवलेल्या माणसाने फडक्याने चाक पुसायला हवं होतं, ते केलं नाही. तेव्हापासून माझ्या हातसामानात एक जुना पंचा असतो. आधी चाकं, बंपरच्या खालच्या कडा आणि काच पुसतो, मग व्हिडिओ. शेवटी पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा.

प्रश्न : आम्ही शारजाला राहतो. खरीफच्या (तिकडच्या पावसाळ्याच्या) दिवसांत चार मराठी कुटुंबं मिळून गाड्यांनी ओमानमधल्या सलालाला जातोय. "ऑरेंज कार्ड काढलं की झालं" असं सगळे म्हणतात. झालं का? (एक वाचक, शारजा)

सीमेवर झालं. सलालाच्या वाटेवर नाही झालं.

ऑरेंज कार्ड ही अरब देशांनी १९७५ साली ट्युनिसमध्ये केलेल्या कराराची सोय आहे. ते कार्ड म्हणजे ओमानच्या कायद्यापुरता थर्ड पार्टी विमा. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान ओमानमध्ये भरून मिळणार का, हे तुमच्या मूळ पॉलिसीत पाहावं लागतं. काही सर्वसमावेशक पॉलिसींत ओमान आधीच धरलेला असतो, काहींत जादा हप्ता भरून मिळतो. "ओन डॅमेज, ओमान" असं कागदावर लिहून घ्या. चारही कुटुंबांनी आपापलं तपासा, एकाची पॉलिसी दुसऱ्याला उपयोगी नाही.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण तो रस्ता. शारजा ते सलाला हजार-बाराशे किलोमीटर. हैमाच्या पुढे सरळ, रिकामा, झोप आणणारा. थुमरैतच्या आसपास उंट रस्त्यावर येतात, आणि उंटाचे पाय बंपरला लागले की धड काचेतून आत येतं. पुढे डोंगर उतरताना खरीफच्या धुक्यात समोरचं दिसत नाही. अंधारात चालवू नका, हा विमेवाल्याचा नाही, घरच्या माणसाचा सल्ला समजा.

अपघात झाला तर ९९९९ ला फोन करा आणि पोलीस रिपोर्ट हातात पडल्याशिवाय गाडी परत आणू नका. अमिरातीत रिपोर्टशिवाय गॅरेजवाला पत्र्याला हात लावत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. गाडी भाड्याची असेल तर ओमानला नेण्याचं कंपनीचं एनओसी हवं. कर्जाची असेल तर बँकेलाही विचारा. आणि पाणी वाहत असलेल्या वाडीत, म्हणजे तिकडच्या ओढ्याच्या पात्रात, गाडी घालू नका. तो ओमानमध्ये गुन्हा आहे आणि विमा कंपनीलाही नकार द्यायला आयतं कारण.

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये थर्ड पार्टी सक्तीचा नाही असं वाचलं. मग तो घ्यायचाच कशाला? (एक वाचक, नाशिक)

तिथे १९७४ पासून एसीसी नावाची सरकारी व्यवस्था आहे. अपघातात कुणीही जखमी झाला, पाहुणा असला तरी, चूक कुणाची हे न पाहता उपचारांना मदत मिळते, आणि जखमांसाठी भरपाईचा दावा सहसा लावता येत नाही. माझी पहिली काळजी तिथे बरीच हलकी होते. पण समोरच्याच्या गाडीचे पैसे तुमच्याच अंगावर येतात, म्हणून मालमत्तेचा विमा हवा. एसीसी तुम्हाला भारतात परत आणत नाही किंवा इथल्या उपचारांना पैसे देत नाही, म्हणून प्रवास विमाही हवाच. करारात कुठले रस्ते वगळलेत ते बघा. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर भाड्याच्या गाड्यांचा विमा चालत नाही.

प्रश्न : कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने पशुपतिनाथाला जायचंय. आपला विमा चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

आहे तसा नाही चालणार. आपली पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तानपर्यंत वाढवता येते. पॉलिसीला जोडायच्या या पुरवणीला (एनडॉर्समेंटला) विम्याच्या भाषेत आयएमटी १ म्हणतात. एजंटला हा नंबर सांगितला की काम लवकर होतं. निघण्याआधी करून घ्या, मागची तारीख घालून मिळत नाही. छापील प्रत गाडीत ठेवा आणि सीमेवर भन्सारची (नेपाळी कस्टमची) पावती जितक्या दिवसांची घ्याल तितक्याच दिवसांत परत या.

प्रश्न : नोकरीसाठी स्टुटगार्टला आलोय. पुण्यात माझा ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यातली सूट) होता. इथे गाडी घेतोय, तर तो मोजतील का? (एक वाचक, स्टुटगार्ट)

विचारा जरूर, पण आशा कमी ठेवा. युरोपाबाहेरचा बोनस बहुतेक जर्मन कंपन्या धरत नाहीत. तुमची तिथली बोनसची पायरी, ज्याला ते एसएफ क्लास म्हणतात, शून्यापासून किंवा अर्ध्यापासून सुरू होईल आणि पहिल्या वर्षीचा हप्ता पाहून धक्का बसेल. अपघात न करता गेलेल्या दर वर्षाला ती एकेक पायरी चढते.

चांगली बाजू अशी की तिथली सक्तीची हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे थर्ड पार्टी, दणकट आहे. कायद्यातली किमान रक्कमच जखमांसाठी ७५ लाख युरो आहे. विमा घेतला की कंपनी सात अक्षर-अंकांचा ईव्हीबी नंबर देते, त्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही. जुनी गाडी घेत असाल तर टाइलकास्को पुरे : चोरी, आग, काच, गारपीट आणि हरणाची धडक त्यात येते. नवी किंवा कर्जाची असेल तर फोलकास्को घ्या, त्यात स्वतःच्या चुकीने झालेलं नुकसानही येतं.

लायसन्सचा मात्र दिवस मोजून ठेवा. तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच भारतीय लायसन्स चालतं, पुढे लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा देऊन जर्मन लायसन्स घ्यावं लागतं. सातव्या महिन्यात अपघात झाला तर समोरच्याला पैसे मिळतील, पण कंपनी तुमच्याकडून ५,००० युरोपर्यंत वसूल करू शकते, स्वतःच्या गाडीचे पैसे बुडू शकतात आणि विनालायसन्स चालवण्याचा खटला वेगळाच.

पुण्यातली गाडी विकली असेल तर जुन्या कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. उलट दिशेचीही सोय आपल्या मोटार टॅरिफमध्ये (मोटार विम्याच्या नियमावलीत) आहे, एजंटही ती सहसा सांगत नाहीत : परदेशात कमावलेला बोनस, तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घेतली तर, पुराव्यावर मिळू शकतो. जर्मनी सोडताना विमा कंपनीकडून तुमच्या क्लेमविरहित वर्षांचा दाखला मागून घ्या, जमल्यास इंग्रजीत, आणि तो पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.