चीड (पाइन) तोडून बांज (ओक) लावला तर उत्तराखंडातले वणवे थांबतील का?

नाही थांबणार. माझं माहेर सातारचं, सासर अल्मोड्याजवळच्या गावात. हा वाद आमच्या घरात अठरा वर्षं चालू आहे, म्हणून लिहिते.

धाकटे दीर म्हणतात, चीड हा इंग्रजांनी आणलेला राक्षस. साफ चूक. चीड मूळचा हिमालयातलाच. इंग्रजांनी रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि लीशासाठी, म्हणजे त्याच्या चिकासाठी, ही जंगलं राखली, वाढवली. लोकांचे हक्क गेले आणि १९२१ मध्ये कुमाऊंत लोकांनीच ती पेटवली.

लग्नानंतर तिसऱ्या जूनमध्ये घरामागचा उतार पेटला. पिरूल, म्हणजे चिडाच्या वाळक्या सुया, घोटा बुडेल इतका साचलेला. त्यावरून पाय सटकत होते आणि सासूबाई न् मी हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होतो. आग बुंध्यांची जाड साल काळी करून पुढे पळाली. एकच झाड रात्रभर जळत राहिलं. ठेकेदाराच्या माणसांनी लीशासाठी त्याच्या बुंध्यावर वर्षानुवर्षं खोल खाचा पाडल्या होत्या. साल गेलेली, लाकूड लीशाने माखलेलं, तिथूनच ते आतपर्यंत पोखरलं. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने ते गोठ्यावर कोसळलं, दिरांची दुभती गाय गेली. ते चिडाला दोष देतात, मी त्या खाचांना.

पावसाळ्यात त्याच उतारावर बोटभर जाडीची करपलेली रोपं बुडातून पुन्हा फुटली. सुया हिरव्यागार, तीन-तीनच्या जुडग्यात. वर पंखवाल्या बियांची नवी रोपं. बियांना उघडी जमीन आणि भरपूर ऊन लागतं, आगीने दोन्ही मिळालं. बांजाच्या रोपाला सावली चालते, पण तो सावकाश वाढतो आणि चाऱ्यासाठी आपणच त्याला ओरबाडतो. असे उघडे पडलेले उतार चिडाने घेतले. तिथला चीड तोडून भर उन्हात बांज लावाल, तर निम्मी रोपं मार्गशीर्षही बघणार नाहीत.

एक मात्र मान्य. जिथे जुना बांज अजून उभा आहे, विशेषतः पाण्याच्या धाऱ्यावर, म्हणजे झऱ्यावर, तिथे चिडाची रोपं खुशाल उपटा. बाकी ठिकाणी सुया गळायला लागल्या, एप्रिलच्या सुमारास, की पिरूल झाडून गोठ्यात अंथरा आणि खोल खाचा पाडणाऱ्याला झाडाला हात लावू देऊ नका.

दिरांनी गोठा पुन्हा बांधला, तेव्हा आढं चिडाचंच घातलं.