एका उतारातून सात पट्टे कसे निघतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ड्रोसोफिला या चिलटाच्या भ्रूणात बिकॉइड हे प्रथिन डोक्याकडून शेपटाकडे उतारासारखं कमी होत जातं इथपर्यंत समजलं, पण पुस्तकाचं पान उलटलं की एका जनुकाचे एकदम सात आडवे पट्टे दिसतात. मधे काय घडतं? गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या गणिताप्रमाणे ते आपोआप उमटतात का? आणि शरीराच्या प्रत्येक खंडाला, म्हणजे एकामागे एक असलेल्या प्रत्येक भागाला, वेगळं जनुक असतं का?

ट्युरिंगचं आधी निकालात काढू. एकमेकांवर परिणाम करणारी दोन रसायनं वेगवेगळ्या वेगाने पसरली, तर एकसारख्या सुरुवातीतूनही ठिपके-पट्टे उमटू शकतात, हे त्याने १९५२ मध्ये दाखवलं. समान अंतरावरचे सात पट्टे पाहिले की तेच आठवणार. पण केळ्यावर घोंगावणाऱ्या या चिलटाने तो मार्ग घेतलेला नाही (आंब्याची नासाडी करणारी फळमाशी वेगळी). इथे सुंदर गणिताची अपेक्षा ठेवली तर निराशा होते, कारण बहुतेक पट्ट्यांचा हिशोब वेगवेगळा आहे.

अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्यात केंद्रकं तेरा वेळा विभागतात, पण मधे पेशींच्या भिंती घातल्या जात नाहीत. सुमारे सहा हजार केंद्रकं एकाच सामाईक रसात असतात. हा भाग वाचताना सगळे पुढे ढकलतात, पण त्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. भिंतीच नसल्यामुळे एका केंद्रकाच्या आदेशावरून बनलेलं प्रथिन थेट शेजारच्या केंद्रकापर्यंत पोचू शकतं.

बिकॉइडचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा निरोप, आईने अंडं घडवतानाच पुढच्या टोकाला ठेवलेला असतो. आईचं हे जनुक निकामी असेल तर भ्रूणाला डोकं आणि छाती येत नाही, उलट पुढच्या टोकालाही शेपटाकडचे अवयव तयार होतात. आईत या जनुकाच्या जास्त प्रती घातल्या की डोक्याची हद्द मागे सरकते. म्हणजे प्रथिन किती आहे याला अर्थ आहे.

हा उतार आधी गॅप जनुकं वाचतात: हंचबॅक, जायंट, क्रुपेल, क्निर्प्स. ही रुंद भागांत चालू होतात आणि एकमेकांना दाबतात, म्हणून त्यांच्या सीमा बऱ्यापैकी रेखीव होतात. क्रुपेल निकामी झालं तर छाती आणि पोटाचा पुढचा भाग असा सलग तुकडाच गायब होतो. या टप्प्यावर सात वगैरे काही नाही.

सात येतात ते ईव्हन-स्किप्ड या जनुकात, आणि ते कसे येतात हा या सगळ्यातला माझा सर्वात आवडता भाग. जनुक एकच, पण त्याच्या आजूबाजूला डीएनएचे नियंत्रक तुकडे आहेत, त्यांना एन्हान्सर म्हणतात. दुसऱ्या पट्ट्याचा तुकडा साधारण पाचशे बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या पाचशे अक्षरांएवढा. त्यावर बिकॉइड आणि हंचबॅक बसले की जनुक चालू होतं. जायंट किंवा क्रुपेल बसलं की बंद. आता भ्रूणात बघा: बिकॉइड-हंचबॅक पुढच्या बऱ्याच भागात भरपूर आहेत, त्यामुळे नुसतं त्यांच्यावर सोडलं असतं तर रुंद भाग रंगला असता. पण एका बाजूला जायंट, दुसऱ्या बाजूला क्रुपेल. दोघांच्या मधे जी चिंचोळी जागा उरते, तिथे दुसरा पट्टा. जायंट निकामी असलेल्या भ्रूणात हाच पट्टा पुढे पसरतो. एवढा तुकडा काढून एखाद्या खुणेच्या जनुकाला जोडला तर भ्रूणावर फक्त दुसऱ्या पट्ट्याच्या जागी रंग दिसतो. जीवशास्त्रज्ञ मायकेल लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवल्यावर ट्युरिंगवादी गप्प बसले.

पहिला, दुसरा आणि पाचवा यांना स्वतंत्र तुकडे आहेत. तिसरा-सातवा मिळून एक, चौथा-सहावा मिळून एक. या जोड्यांची गंमत अशी की मधोमध क्निर्प्स असतं आणि ते दोन्ही तुकड्यांना बंद करतं, पण तिसऱ्या-सातव्याचा तुकडा त्याला फार हळवा, म्हणून ते दोन पट्टे लांब उमटतात. चौथ्या-सहाव्याचा निगरगट्ट, म्हणून ते जवळ. बाहेरच्या हद्दी हंचबॅक आखतं.

ईव्हन-स्किप्डसारख्या, एक सोडून एक भागात चालू होणाऱ्या जनुकांना पेअर-रूल जनुकं म्हणतात. त्या सगळ्यांनाच असे खास तुकडे नसतात, काही जण आधी उमटलेल्या पट्ट्यांचा आधार घेतात. भ्रूणाची लांबी खंडाएवढ्या एककांत मोजली, तर ईव्हन-स्किप्ड विषम क्रमांकाच्या एककांवर चालू होतं, फुशी ताराझू हे दुसरं पेअर-रूल जनुक सम क्रमांकाच्या. फुशी ताराझू निकामी झालं की निम्मेच खंड उरतात. दोन्हींच्या पट्ट्यांच्या पुढच्या कडेला एन्ग्रेल्ड हे जनुक चालू होतं, म्हणून त्याचे पट्टे चौदा. एव्हाना पेशींच्या भिंती घातल्या जातात आणि प्रथिनांना मोकळं फिरता येत नाही. एन्ग्रेल्डच्या पेशी हेजहॉग हे निरोपाचं प्रथिन सोडतात, शेजारच्या पेशी उत्तरादाखल विंगलेस हे दुसरं सोडतात, आणि दोघे एकमेकांना चालू ठेवतात. मूळ पट्टे विरले तरी सीमा टिकते.

अळीच्या त्वचेवरचे काटेरी पट्टे मोजून ही बहुतेक जनुकं क्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ट आणि एरिक वीशाउस यांनी जर्मनीत हायडलबर्गला शोधली. १९८० च्या त्यांच्या निबंधातली विकृत अळ्यांची चित्रं पाहिलीत तर गॅप, पेअर-रूल ही वर्गवारी पाठ करावी लागणार नाही.

खंडाला वेगळं जनुक? संख्येसाठी नाही. कोणत्या खंडाला पंख, कोणत्याला नाही, हे हॉक्स जनुकं ठरवतात. अल्ट्राबायथोरॅक्सचं नियंत्रण बिघडलेली चार पंखांची माशी एडवर्ड लुईस यांच्यामुळे प्रसिद्ध झाली. तिच्यातही खंड तेवढेच आहेत, फक्त छातीच्या तिसऱ्याने दुसऱ्याचं रूप घेतलंय. १९९५ चं नोबेल न्युसलाइन-फोल्हार्ट, वीशाउस आणि लुईस या तिघांना मिळून मिळालं.

एक इशारा: हे सगळं 'कीटकांत असं होतं' म्हणून लिहू नका. पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यात, ट्रायबोलियममध्ये, बिकॉइड नाहीच. त्याच्या भ्रूणात पुढचे खंड आधी ठरतात आणि बाकीचे शेपटाकडच्या वाढत्या भागातून एकामागून एक निघतात. तिथे ऑड-स्किप्ड जनुक ठरावीक वेळाने चालू-बंद होतं आणि प्रत्येक फेरीला दोन खंडांचं माप पडतं, हे २०१२ मध्ये दिसून आलं. आपल्या मणक्यांच्या जडणघडणीतही असंच घड्याळ चालतं. दोन्ही घड्याळं एकाच पूर्वजाकडून आली की स्वतंत्रपणे घडली, यावर अजून एकमत नाही.